पाओ-चूताईच्या शटरवरचा पिवळा कागद

लाय पाओ-चूचं कपडे दुरुस्तीचं दुकान आणि माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिची शिलाई मशीन चालू झाली की माझ्या कपाटातल्या टाचण्या थरथरतात. शाळेची पँट आखूड झाली, झिप बिघडली, जुना कोट पोटावर बसेना, की आमची गल्ली तिच्याकडे जाते. ती सहासष्ट वर्षांची आहे. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगी उत्तरेला तायपेमध्ये असते. मी तिला ताई म्हणते, बाकी सगळे मावशी म्हणतात.

मशीनशेजारी लोखंडी स्टँडवर तिची तीन फुटी काचेची टाकी असते. चौदा वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, तासातासाने मान वर करून काहीतरी हिरवं बघत जा. आमच्या गल्लीत हिरवं म्हणजे माझ्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर. मग तिने टाकी आणली, आत ओंडका ठेवला, त्याला दोऱ्याने नेचे आणि मॉस बांधलं. महिन्याभरात काचेवर, पानांवर शेवाळं चढलं आणि डोळ्यांना गार वाटण्याऐवजी गटार बघितल्यासारखं वाटायला लागलं. मत्स्यालयवाल्याने तिला पिशवीत दहा कोळंब्या घालून दिल्या. बोटाच्या पेराएवढ्या, फिकट लालसर. म्हणाला, या शेवाळंच खातात, दुसरं काही घालू नका.

त्या दहा जणींनी पंधरा दिवसांत पानन् पान चाटून पुसून काढलं. आणि ताई अडकली ती अडकलीच. कोळंब्या पुढच्या दोन हातांनी आळीपाळीने शेवाळं खुडून तोंडात घालतात, एखादी बाई तांदूळ निवडत बसावी तशा. एक काम संपलं की दुसऱ्या पानावर. मादीच्या पोटाखाली पिवळट अंडी असतात आणि ती सतत त्यांना वारा घालत असते. महिन्याभराने तिळाहून लहान पिल्लं बाहेर पडतात. जन्मल्याबरोबर आईसारखीच दिसतात, तसेच हात, तशाच मिशा, फक्त अंगाला रंग नसतो. ताई काजं करता करता हे सगळं बघत असे आणि मला हाक मारून दाखवत असे.

पुढे तिने निवड सुरू केली. जास्त लाल दिसतील त्या टाकीत ठेवायच्या, फिकट निघतील त्या दुकानाबाहेरच्या सिमेंटच्या टबात. टबावर मच्छरदाणीच्या कापडाची झाकणी, तिला कडेने इलॅस्टिक, ताईने स्वतः शिवलेली. चौदा वर्षं हेच चाललं होतं. शेवटी टाकीतल्या कोळंब्या देवळाच्या खांबांवर नवा रंग दिल्यासारख्या लाल झाल्या होत्या, पायांसकट. हिरव्या मॉसवर त्या पसरल्या की रस्त्यावरून जाणारे स्कूटर थांबवून बघत. त्या विकत मागायलाही लोक येत. ती देत नसे.

आता डेंग्यूचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं शहर दक्षिणेला, इथे सप्टेंबर म्हणजे उकाडा आणि डास. मोठी साथ आली त्या वर्षी ताईची धाकटी बहीण पाओ-यिन चार दिवसांच्या तापात गेली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ताई केशरी जाकीट घालून वस्तीच्या स्वयंसेवकांबरोबर निघते. कुंड्यांखालच्या बशा उलट्या करते, टायरमधलं पाणी ओतते, लोकांच्या गच्चीवर जाऊन त्यांना चार शब्द सुनावते. गल्लीत डासांवर तिच्याएवढा राग कोणाचाच नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे.

गेल्या सप्टेंबरात तिसऱ्या घरातले नूडलवाले काओ आजोबा डेंग्यूने आजारी पडले. रुग्ण सापडला की आसपासची सगळी घरं आतून फवारायची, हा नियम. वस्तीप्रमुख ताय काका दारोदार सांगत फिरले की गुरुवारी सकाळी नऊला पथक येणार, अन्न झाका, जनावरं बाहेर काढा. ताईने त्यांना दोनदा विचारलं, नक्की गुरुवारी ना? मला टाकी प्लास्टिकने बांधायची आहे, पंप बंद करायचा आहे, अर्धा तास लागतो. काका म्हणाले, गुरुवारी म्हणजे गुरुवारीच.

बुधवारी दुपारी दोन वाजता पथक आलं.

ताई तेव्हा शाळेत होती. इथे शाळा सप्टेंबरातच सुरू होतात, ती स्कूटरवर गणवेशांचे गठ्ठे लादून गेली होती. काकांनी गल्लीत धावपळ करून सगळ्यांना बाहेर काढलं. ताईचं शटर बंद. पथकाच्या मुकादमाच्या हातात यादी होती आणि तिच्यात ताईच्या घरापुढे लाल खूण. हे घर आधी करायचं, असा वरून हुकूम आहे म्हणे. काकांनी किल्लीवाल्याला बोलावून शटर उघडून दिलं. मी काकांना म्हटलं, आत टाकी आहे, ताईला येऊ द्या. ते म्हणाले, "माशांना काही होत नाही गं, हुई. तू आपले कागद झाक." आणि खोटं कशाला बोलू, मी माझे कागद झाकायला गेले. ताईला फोन करायचं मला सुचलं ते सगळं झाल्यावर.

दोन माणसं नळ्या घेऊन आत गेली, दुकान पांढऱ्या धुराने भरलं, शटर पुन्हा खाली ओढलं. आत हवेचा पंप चालूच होता. तो खोलीतली हवा ओढतो आणि बुडबुड्यांनी पाण्यात सोडतो. म्हणजे तासभर तो ते औषध टाकीत कालवत राहिला.

ताई साडेतीनला आली. शटर वर केलं तेव्हा मी तिच्या मागे होते. कोळंब्या एरवी तळाशी, पानांवर असतात. त्या दिवशी सगळ्या पाण्यात वरखाली वेड्यासारख्या धावत होत्या, काचेवर आपटत होत्या. मग एकेक आडवी पडायला लागली. पाठीवर पडून पाय झाडायच्या. ताईने पंपाची वायर उपटली, बादलीने पाणी काढायला लागली, मी माझ्या दुकानातून साठवणीचं पाणी आणून ओतत होते. दहा वेळा पाणी बदललं असेल. सहापर्यंत एकही हलत नव्हती. बाहेरच्या टबाचंही तेच झालं, त्याची झाकणी तर कोणीतरी उचलून बाजूला फेकली होती.

ताई रडली नाही. तिने बारीक जाळीने सगळ्या कोळंब्या काढल्या आणि तांदूळ धुवायच्या पांढऱ्या वाडग्यात ठेवल्या. वाडगा काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटरवर पिवळा कागद होता. पालिकेचा शिक्का, मोठी अक्षरं: "या पत्त्यावर डासांच्या अळ्या सापडल्या आहेत." खाली ताईचा घरक्रमांक. डिंक इतका घट्ट की नखाने कोपरासुद्धा सुटेना.

ताईने तो दोनदा वाचला. मग आत जाऊन वाडगा उचलला आणि ताय काकांच्या कचेरीकडे चालायला लागली. मी दुकान उघडं टाकून मागे गेले. काका नेहमीप्रमाणे चहाच्या पाटापाशी, दोन मित्रांबरोबर, छोट्या कपांत चहा ओतत बसले होते. ताईने वाडगा पाटाच्या मधोमध ठेवला.

काका जरा मागे सरले. म्हणाले, वाईट झालं, पण वरून फोन आला, मंगळवारच्या तपासणीत तुमच्या टबात अळ्या सापडल्यात म्हणून एक दिवस आधी करा म्हणाले, माझ्या हातात काय असतं. मग मित्रांकडे बघून त्यांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "आणि मावशी, तळून भातावर घातल्या तर दोन माणसांचं जेवण होईल यात. इतकं काय मनाला लावून घेताय? इथे माणसं मरतात डेंग्यूने."

"माझी बहीण मेली," ताई म्हणाली. "तिच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला तुम्हीच होतात. मला डेंग्यू शिकवू नका."

काकांनी चहाची किटली खाली ठेवली.

"फवारू नका असं मी म्हटलं होतं का? अर्धा तास मागितला होता. तुम्ही गुरुवार सांगितलात आणि बुधवारी माझं कुलूप तोडलंत. आणि वर माझ्या दारावर लिहिता की डास मी पाळते?"

"अहो कुलूप तोडलं नाही, किल्लीवाल्याने उघडलं," काकांचा एक मित्र म्हणाला. ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो कपात बघायला लागला. वाडगा तिथेच ठेवून ती परत आली. काकांनी तो नंतर धुऊन पाठवून दिला. आतल्या कोळंब्यांचं काय केलं कोण जाणे.

त्या पिवळ्या कागदाने तिचं जे केलं ते औषधानेही केलं नव्हतं. नूडलवाल्या काओ आजी नवऱ्याला बघायला दवाखान्यात जाता-येता त्यासमोरून जात. तिसऱ्या दिवशी त्या थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, दर शनिवारी आमच्या कुंड्या उलट्या करायला येते, आणि स्वतःच्या दारात डबकं. ताई मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही, पण त्या दिवशी शिवलेली शिवण सगळी वाकडी गेली, तिने रात्री उसवली. शनिवारी केशरी जाकीट घालून ती निघाली तेव्हा एका घराने दार उघडलं नाही. गिऱ्हाईकं कमी झाली. लोक तोंडावर काही म्हणत नसत, नुसते टबाकडे बघत.

आणि टाकी हिरवी होत गेली. खाणारं कोणी उरलं नव्हतं. आधी काचेवर ठिपके आले, मग ओंडक्यावर केसांसारखं शेवाळं आलं, महिन्याभरात नेच्यांची पानं त्याखाली दिसेनाशी झाली. मी म्हटलं, ताई, निदान काच तरी घासून घे. ती म्हणाली, "नाही. दिसू दे." रस्त्यावरून जाणाऱ्याला ती हिरवी भिंत दिसायची आणि शटर अर्ध्यावर ओढलेलं असलं की तिच्या वर पिवळा कागद.

त्या काळात ताई रोज दुपारी पालिकेच्या कचेरीत जात होती. तिचं मागणं एकच होतं, माझ्या टबातला नमुना दाखवा. तपासणी करणारे ड्रॉपरने अळ्या ओढून छोट्या बाटलीत, अल्कोहोलमध्ये ठेवतात, हे तिला स्वयंसेवक म्हणून माहीत होतं. पहिल्या खिडकीवर सांगितलं अर्ज करा. अर्ज केला तर म्हणाले नमुना दुसऱ्या विभागात. दुसऱ्या विभागाने सांगितलं की नमुना नागरिकांना दाखवायची पद्धत नाही. तिथल्या साहेबांनी तिला एकदा खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की मावशी, रास्त तक्रार असेल तर नुकसानीचा फॉर्म भरा, पाळीव प्राण्यांसाठी थोडीफार तरतूद असते. ती म्हणाली, मला तरतूद नको, बाटली हवी. अर्जांच्या झेरॉक्स मीच काढत होते, त्यामुळे मला पाठ झालंय सगळं. सातव्या अर्जावर तिला म्हणणं मांडायला सुनावणीची तारीख मिळाली.

मी बरोबर गेले. लांबट खोली, टेबलाच्या पलीकडे साहेब, एक कारकून, ताय काका साक्षीदार म्हणून, आणि एका टोकाला जिने आमच्या गल्लीची तपासणी केली होती ती मुलगी, चुआंग यी-रू. पंचवीसेक वर्षांची, कंत्राटी. तिच्यासमोर बाटल्यांचा खोका होता. ताईने पिशवीतून आपलं शिवणकामाचं भिंग काढलं, दिवा असलेलं, काळ्या कापडावर काळा दोरा घालताना वापरते ते. टेबलाला क्लॅम्पने बसवलं.

साहेब म्हणाले, याची गरज नाही, नोंद स्पष्ट आहे. ताईने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती यी-रूला म्हणाली, "बाळ, तू झाकणी वर केलीस तेव्हा ती घट्ट बसलेली होती ना?"

"हो मावशी."

"मग डास आत गेला कुठून?"

 यी-रूने खोक्यातून बाटली शोधली, लेबल दोनदा वाचलं आणि भिंगाखाली धरली. बराच वेळ बघत राहिली. तिचे कान लाल होत गेले. मलाही बाजूने दिसत होतं. आत पाच-सहा इवल्या गोष्टी होत्या, अल्कोहोलने गुलाबट-पांढऱ्या झालेल्या, आणि प्रत्येकीला पंख्यासारखी शेपटी आणि मिशा.

"या अळ्या नाहीत," यी-रू म्हणाली. "कोळंबीची पिल्लं आहेत. मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं होतं, घाईत. त्या दिवशी माझ्याकडे साठ घरं होती. आणि बाटल्या नंतर कोणी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याच नाहीत."

 साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, ठीक आहे, गैरसमज झाला, नोंद दुरुस्त होईल, कागद काढून टाकू.

ताई उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "गैरसमज नाही, चूक. गैरसमज दोघांचा होतो. माझा कसला समज चुकला होता? आणि कागद डिंकाने दारावर लावलात, पन्नास घरांनी वाचला. दुरुस्ती मात्र तुमच्या खणात? तसाच पिवळा कागद आणा, तेवढ्याच अक्षरांत लिहा की चूक झाली. त्याशिवाय माझ्या शटरला कोणी हात लावायचा नाही."

साहेब म्हणाले, तसा नमुना छापलेला नाही. खरंच असंच म्हणाले. अळ्या सापडल्याचा छापील कागद आहे, न सापडल्याचा नाही. ताय काका म्हणाले, मावशी, मी वस्तीच्या सभेत सांगतो की गैरसमज... आणि ताईने त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी शब्द गिळला.

आठवडाभर काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी सकाळी माझ्या दुकानात यी-रू आली. एकटी, सुट्टीच्या कपड्यांत. तिने पिवळा कार्डशीट मागितला आणि जाड मार्कर. माझ्या काउंटरवरच वाकून लिहिलं: "या पत्त्यावर अळ्या नव्हत्या. कोळंबीची पिल्लं होती. तपासणीत माझी चूक झाली." खाली पूर्ण नाव, तारीख. मी तिला विचारलं, वर विचारलंयस का? ती म्हणाली, विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

तिने तो कागद पहिल्या कागदाशेजारी चिकटवला. ताई आतून बघत होती. बाहेर आली, वाचला, आणि म्हणाली, "आत ये. नाश्ता केलास का?" मग दोघी शेवाळलेल्या टाकीसमोर बसून मुळ्याची वडी आणि सोयाबीनचं दूध घेत होत्या. काय बोलल्या मला माहीत नाही, भिंतीतून नुसती कुजबुज येत होती. दुपारी काओ आजी आल्या, कागद वाचला आणि आजोबांची पँट कमरेला सैल झालीय ती घट्ट करून हवी म्हणाल्या. माफी मागितली नाही. ताईने पँट घेतली आणि माप लिहून घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. डिसेंबरात यी-रूचं कंत्राट संपलं आणि वाढवलं गेलं नाही. कारण लिहिलं होतं, शासकीय सूचनेच्या स्वरूपात परवानगीशिवाय मजकूर प्रसिद्ध केल्याबद्दल. त्या खोलीत टेबलापलीकडे जे चार जण होते त्यांच्यातल्या ज्या एकीने खरं सांगितलं, तिचीच नोकरी गेली. एक दिवस आधी फवारायला लावणारा फोन ज्याने केला तो आपल्या खुर्चीत आहे. किल्लीवाल्याला बोलावणारे काका वस्तीप्रमुख आहेत. बाटल्या न बघता खोक्यात टाकणारं जे कोण असेल ते कुठेतरी चहा पीत असेल.

ताईला कळलं तेव्हा ती कोटाचं अस्तर लावत होती. तिने कोट बाजूला ठेवला, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हुई, कागद दे. रेघांचा."

तेव्हापासून तिची पत्रं चालू आहेत. आता ती स्वतःसाठी काही मागत नाही. दर पत्रात तीन प्रश्न असतात. वार कोणी बदलला, नमुना कोणी तपासला नाही, आणि त्या दोघांना काय शिक्षा झाली. उत्तर दोन ओळींचं येतं, की कार्यवाही नियमानुसार झाली आहे. एकदा यी-रू तिला भेटायला आली होती. तिला एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. ती म्हणाली, मावशी, आता राहू द्या, माझं बरं चाललंय.

"तुझं बरं चाललंय म्हणून त्यांचं बरोबर होत नाही," ताई म्हणाली.

टाकी तिने थंडीत रिकामी केली. औषध वाळूत मुरलेलं, म्हणून वाळू, ओंडका, झाडं सगळं फेकलं, काच महिनाभर उन्हात ठेवली. आता आत नवी वाळू आहे, नवं मॉस आहे, आणि डोंगरातल्या ओढ्यावरून यी-रूने आणलेल्या साध्या तपकिरी कोळंब्या आहेत. त्या मॉसवर असल्या तर दिसतसुद्धा नाहीत. शेवाळं मात्र तशाच निवडून खातात. पुन्हा लाल रंगाची निवड करणार का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, चौदा वर्षं लागली होती, हिशोब तूच कर. आणि मशीन चालू केली.

शटरवर दोन्ही पिवळे कागद अजून आहेत, उन्हाने पांढुरके पडलेत. पालिकेची माणसं दोनदा काढायला आली होती, तिने काढू दिले नाहीत. काल ती अकरावं पत्र घेऊन आली. मी झेरॉक्स काढता काढता वाचलं आणि एका जागी म्हटलं, ताई, इथे "निष्काळजीपणा" जरा कडक वाटतो, "दुर्लक्ष" लिहू या का? तिने चष्मा वर केला, ती ओळ पुन्हा वाचली, विचार केला.

"तेच राहू दे," ती म्हणाली. "आणि दोन प्रती काढ. एक साहेबांच्या साहेबाला."